शुद्धिपत्र

नवरा गेला तेव्हा मागे राहिलं ते एवढं:
एक लाकडी दाबयंत्र, खिळ्यांच्या दोन पेट्या,
गावभर उधारी
आणि उलटं वाचायची माझी सवय.
न्यूपोर्टच्या धक्क्यावरचा मासळीचा वास
आमच्या शाईतही मुरलेला.
दर सोमवारी अंक. चार पानं.

‘एक नांगऱ्या’ अशा सहीचा मजकूर
गुरुवारी यायचा, जाड कागदावर, मोहोरेशिवाय.
तो कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक
आणि विचाराल तर कुणालाच नाही.
त्याच्या तळहाताला नांगराचा घट्टा नव्हता,
पण वाक्यं खोल जायची:
माणूस जन्मतो तो कुणाची मालमत्ता म्हणून नव्हे;
विवेकाच्या दिव्याला राजाचं तेल लागत नाही;
ज्याला विचारलं नाही, त्याच्याकडून कर घेणं ही चोरी.
जुळवताना अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू.
कॉफीगृहात कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं,
दोर वळणारे, पिंपं बांधणारे
दारातच उभे राहून ऐकायचे.

मजकूर घेऊन यायचा क्वामिनो.
पाऊस असला की कागद सदऱ्याच्या आत.
पोच मिळेपर्यंत पेटीजवळ उभा.
एकदा म्हणाला, बाई, हे सगळ्यांत मोठं घर कुणाचं?
कप्पा म्हणायचं होतं त्याला.
म्हटलं, ‘ई’चं. तो सगळ्यांत जास्त लागतो.
पुढच्या गुरुवारी: आणि हे रिकामंच असतं ते?
मी शिकवलं असं नाही म्हणणार.
मी हात झाकले नाहीत, इतकंच.

मार्चमध्ये एकदम दोन कागद आले.
आणणारा नवा पोरगा, नाक पुसत.
एक नांगऱ्याचा: बेड्यांबद्दल,
म्हणजे आपल्या, म्हणजे लंडननं घातलेल्या.
दुसरा जाहिरातीचा:
पळाला आहे. नाव क्वामिनो, वय चोविसाच्या आसपास,
अंगात तपकिरी डगला, शिशाची बटणं,
डाव्या गालावर भाजल्याचा डाग,
लिहिता-वाचता येतं, स्वतःच परवाना लिहून घेईल, सावध असावे.
आणून देणाऱ्यास आठ डॉलर. खाली खरं नाव.
अक्षर एकच.
‘एफ’सारखा दिसणारा तोच ‘एस’, तीच शेपटी.
लेखाचे तो काही देत नसे.
जाहिरातीचे रोख.

खिळे माझ्याकडे नेहमीच कमी.
शनिवारी लेखाचं पान छापून काढलं, सोडवलं, धुतलं
आणि त्याच खिळ्यांतून जाहिरात जुळवायला घेतली.
‘लिबर्टी’च्या शेवटचा ‘वाय’ अजून ओला होता,
तोच ‘रनअवे’च्या शेवटी नेऊन बसवला.
डगला खरा जुळवला. बटणं खरी. बक्षीसही.
मी शूर बाई नाही, घर भाड्याचं आहे.
फक्त गाल.
डाव्याचा उजवा केला.

मंगळवारी साहेब स्वतः आले, पहिल्यांदाच.
गालावर बोट ठेवून म्हणाले, हे काय?
म्हटलं, खिळ्यांत सगळं उलटंच दिसतं, साहेब.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी शाईच्या गोळ्यांकडे.
पुढच्या अंकात शुद्धिपत्र काढा.
काढलं. सगळ्यांत बारीक खिळ्यांत, शेवटच्या पानावर,
बार्बाडोसच्या काकवीच्या भावाखाली.

मधे सात दिवस.
तेवढ्यात माणूस कुठवर जातो, मला माहीत नाही.
हे बेट आहे; होडीवाला परवाना मागतो.
प्रॉव्हिडन्स तीस मैल. पुढेही रस्ता आहे म्हणतात.

नांगऱ्या अजून लिहितो.
चांगलं लिहितो, हीच तर पंचाईत.

जुलैत पेटी ओढून झाडत होते,
मागे भिंतीच्या फटीत एक चिठोरं सापडलं.
कोळशानं लिहिलेलं नाव, ओळीखाली ओळ, सगळं उलटं,
खिळ्यांत दिसतं तसं.
शेवटची ओळ तेवढी सुलट.
दिव्यापाशी नेऊन पाहिलं,
मग चुलीत घातलं.
शूर नाही, हे वर सांगितलंच आहे.